खुर्द्याचा हिशेब

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत एका सावकारी पत्राच्या वेषात पोचली, ही हकिकत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १४ जानेवारी १७६१ ला रणात पडलेल्या माणसांची त्या पत्रात नाणी झाली होती. भाऊसाहेब आणि विश्वासराव हे मोती, नावाजलेले सरदार म्हणजे मोहरा, आणि उरलेली सारी फौज म्हणजे चिल्लर, खुर्दा. मोती किती गेले ते सांगितलं होतं, मोहरांचा आकडाही दिला होता. खुर्द्याची मोजदाद होत नाही एवढंच कळवलं होतं.

लहानपणी मला त्या पत्राच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. आता त्यातला खुर्दा हा शब्द टोचतो. पौषाच्या थंडीत, कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर, त्या सकाळी ज्यांनी भाला उचलला ती हजारो माणसं त्या एका शब्दात गडप झाली. त्यांना त्या दिवशी काय दिसलं, धुरळ्यात आपलं कोण आणि परकं कोण हे कसं ओळखलं, घशाला कोरड कितीदा पडली, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेही कुणाच्या मनात आलं नसावं.

मराठीतलं युद्धाचं कथालेखन आजही बहुतांशी त्या पत्राच्या हिशेबाने चालतं, असं माझं मत आहे. मोत्यांवर कादंबऱ्या आहेत, मोहरांवर आहेत. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या 'पानिपत'मधली छावणीतल्या उपासमारीची पानं वाचताना घास घशाखाली उतरत नाही, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिथेही वाचक बराच काळ भाऊसाहेबांच्या मसलतीत बसलेला असतो. आणि जिच्या नावातच रणांगण आहे ती विश्राम बेडेकरांची १९३९ ची कादंबरी, मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांपैकी एक, जवळजवळ सगळी बोटीवर घडते. चक्रधर आणि हॅर्टा यांच्या काळजातलं ते रणांगण आहे. युद्ध अजून क्षितिजावर आहे, शिपाई नाहीच. बेडेकरांना जे लिहायचं होतं ते त्यांनी अजोड लिहिलं. माझी खंत एवढीच, की खंदकातल्या माणसाचं रणांगण मराठीत लिहायचं राहून गेलं.

आता दुसऱ्या एका सांकेतिक पत्राकडे वळू. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस लाहोर आणि मेरठ डिव्हिजनच्या पलटणी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरायला लागल्या. अंगावर उन्हाळी कपडे, समोर फ्लँडर्सचा हिवाळा. शिपायांची घरची पत्रं सरकारचे अधिकारी उघडून वाचत, त्यांतल्या निवडक मजकुराची भाषांतरं करून ठेवत. ही भाषांतरं आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पत्र वाचलं जातं हे शिपायांना कळून चुकलं होतं. म्हणून काहींनी मसाल्याची भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी भराभर संपते आहे, अशा अर्थाचा निरोप घरी गेला, की घरच्यांनी समजायचं आणि धाकट्या भावाला भरतीला पाठवायचं नाही.

या दोन पत्रांत दीडशे वर्षांचं अंतर आहे, पण मला त्याहून मोठं अंतर दिसतं ते लिहिणाऱ्याच्या जागेचं. पहिल्या पत्रात शिपायाला दुसऱ्याच कुणी नाणं केलं. दुसऱ्यात शिपाई स्वतः आपला हिशेब मांडतो आहे, आणि तो हिशेब चुलीजवळच्या डब्यातला आहे. आघाडीवरच्या माणसाची भाषा अशीच असते. ती तिखटमिठाची, जोड्यामोज्यांची, झोपेची असते. जगातल्या ज्या कादंबऱ्यांनी आघाडी खरी लिहिली त्यांनी ही भाषा ओळखली.

आपल्या शेजारच्या हिंदीने ती किती लवकर ओळखली पाहा. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही कथा १९१५ मध्ये 'सरस्वती' मासिकात आली. महायुद्ध तेव्हा चालू होतं. लहनासिंग फ्रान्सच्या आघाडीवर खंदकात आहे. थंडीने हाडं कडकडताहेत, पायाखाली चिखल आहे. बोधासिंग नावाचं पोर तापाने फणफणलंय. लहनासिंग त्याला आपल्या वाट्याची कांबळी घालतो, अंगातली जर्सीही उतरवून देतो आणि आपल्याकडे दुसरी आहे असं खोटंच सांगतो. पुढे त्याच्या साहेबाच्या वेषात एक जर्मन खंदकात शिरतो. लहनासिंगाला संशय येतो तो सिगारेटवरून आणि पुस्तकी उर्दूवरून. आपल्या साहेबाने शिखाला सिगारेट पुढे केली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मोठमोठे डावपेच कुठे तरी दूर आखले जात असतील, लहनासिंगाची लढाई एका सिगारेटीवर फिरते. शेवटी जखम लपवून तो बाकीच्यांना गाडीत बसवून देतो आणि स्वतः मागे राहतो. कथा संपते ती वर्तमानपत्रातल्या मृतांच्या यादीतल्या एका नोंदीवर. पलटण, हुद्दा, नाव.

हीच युक्ती तेरा वर्षांनी जर्मनीत एरिश मारिया रेमार्कने केली. त्याची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही कादंबरी १९२८ च्या अखेरीस बर्लिनच्या एका दैनिकात क्रमशः आली आणि १९२९ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक पॉल बॉयमर १९१८ च्या ऑक्टोबरात मरतो. त्या दिवशी आघाडी इतकी शांत असते, की लष्कराच्या पत्रकात नवं काही नाही एवढंच लिहिलेलं असतं. मूळ जर्मन शीर्षकाचा अर्थ तोच. गुलेरींची कथा रेमार्कला ठाऊक असणं शक्य नव्हतं. दोघांनाही एकच गोष्ट खुपली होती: कागदावरची सरकारी ओळ आणि तिच्यामागे विझलेला माणूस.

रेमार्कची कादंबरी उघडते ती जेवणाने. आघाडीवर गेलेल्या कंपनीतले दीडशेपैकी ऐंशीच परत आले आहेत. आचाऱ्याने मात्र दीडशे माणसांचा स्वयंपाक करून ठेवला आहे आणि ऐंशी जणांना तो सगळा वाढायला तो तयार नाही. पोरं हट्टाला पेटतात, कंपनीचा अधिकारी मध्ये पडतो, आणि प्रत्येकाला दुप्पट मिळतं. सत्तर माणसांच्या वाटणीचं मांस, घेवडा, पाव, तंबाखू उरलेल्यांच्या वाट्याला येतं आणि ते खूश होतात. हे वाचताना पहिल्यांदा राग येतो. थोड्या वेळाने कळतं, की ही पोरं निर्दय नाहीत. पोटात अन्न पडतंय तोवर आपण जिवंत आहोत, यापलीकडे विचार करण्याची मुभा त्यांना उरलेली नाही. खुर्द्याची मोजदाद इथे झाली आहे. सत्तर. आणि ती पातेल्यात उरलेल्या अन्नावरून झाली आहे.

मग येतात ते बूट. केमरिश नावाचा शाळासोबती इस्पितळात पडलाय. त्याचा पाय कापला आहे, हे त्यालाही पुरतं उमगलेलं नाही. त्याच्या खाटेखाली वैमानिकाचे मऊ चामड्याचे उत्तम बूट आहेत. म्यूलर ते हातात घेऊन पाहतो. मागावेत की नाही? केमरिशला ते आता कधीच लागणार नाहीत, आणि म्यूलरचे स्वतःचे बूट पायाला चावताहेत. केमरिश जातो, बूट म्यूलरकडे येतात. म्यूलर जातो, बूट पॉलकडे येतात. पॉलने ते आपल्यामागे त्यादेनला देण्याचं कबूल करून ठेवलं आहे. शे-दोनशे पानांत माणसं बदलत जातात, बूट तेच राहतात. युद्धाच्या निरर्थकतेवर पल्लेदार भाषण लिहिण्याचा मोह रेमार्कला झाला असता तर हे बूट मधल्यामध्ये हरवले असते.

आणखी एक प्रसंग मला सतत आठवतो. पॉल रजेवर घरी येतो. आई आजारी आहे, तिला काय सांगणार? बाहेर गावातली शहाणी, वयस्क मंडळी त्याला खाण्यापिण्याचा आग्रह करतात आणि नकाशावरचं युद्ध समजावून सांगतात. कुठला मुलूख घ्यायचा, शत्रूची फळी कुठे फोडायची. तो म्हणतो, तिथे गोष्ट थोडी वेगळी आहे. ते म्हणतात, तुला तुझ्यापुरतं दिसतं, सगळा आवाका दिसत नाही. आपल्याकडे सीमेवर तणाव वाढला की संध्याकाळी घरोघरच्या पडद्यावर हीच मंडळी बसलेली असतात. नकाशे असतात, बाण असतात, आवाज चढलेले असतात. ज्याला जायचं आहे त्याला कुणी बोलावलेलं नसतं. मला या गोष्टीचं दुःख होतं, आणि ते झाकून ठेवावं असं वाटत नाही.

सगळा आवाका दिसत नाही, हे त्या शहाण्यांचं म्हणणं तसं खरं आहे. पण न दिसणं हाच तर आघाडीचा अनुभव. स्तँधाल नेपोलियनबरोबर १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत होता. १८३९ च्या आपल्या कादंबरीत त्याने फाब्रिस नावाचा पोर वॉटर्लूवर पाठवला. तो धुरात इकडून तिकडे भटकतो, त्याचा घोडा जातो, आणि आपण पाहिली ती लढाईच होती का, हा प्रश्न त्याला अखेरपर्यंत सोडवता येत नाही. टॉलस्टॉय स्वतः तोफखान्यातला अधिकारी होता, सेवास्तोपोलच्या वेढ्यात होता. 'वॉर अँड पीस'मधला त्याचा तरुण रोस्तोव्ह घोड्यावरून पडतो, समोरून फ्रेंच धावत येतात, आणि आपल्याला घरीदारी सगळे इतका जीव लावतात, मग ही अनोळखी माणसं आपल्याला का मारतील, हेच त्याला उमगत नाही. हातातलं पिस्तूल झाडायचं सोडून तो ते फेकून मारतो आणि पळत सुटतो. दोन्ही प्रसंगांत सेनापतीचा डाव कुठेच नाही. पाच-पन्नास पावलांचं जग आहे आणि त्यात एकटा पोर आहे.

रशियनांनी पुढे या लेखनाला एक नावच दिलं. व्हिक्टर नेक्रासोव्ह स्टालिनग्राडला इंजिनिअर अधिकारी म्हणून लढला आणि १९४६ मध्ये त्याने खंदकातल्या साध्या बोलीत त्यावर कादंबरी लिहिली. तिला चक्क स्टालिन पारितोषिक मिळालं. पण त्याच वाटेने पुढे बाकलानोव्ह, बोंदारेव्ह, बिकोव्ह लिहू लागले तेव्हा सरकारी समीक्षक त्यांना हिणवू लागले, की हे नुसतं 'खंदकातलं सत्य' आहे. यांना खंदकाच्या काठापलीकडचं, इतिहासाचं मोठं सत्य दिसत नाही. शिवी म्हणून दिलेला हा शब्द मला त्या लेखकांच्या गौरवाचा वाटतो. मोठं सत्य सांगायला पत्रकं असतात, स्मारकं असतात, भाषणं असतात. खंदकातलं सत्य सांगायला गोष्टीशिवाय दुसरं कोणी नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. खंदकातून येणारा प्रत्येक जण युद्धाला विटूनच येतो असं नाही. एर्न्स्ट युंगर रेमार्कच्याच बाजूने, त्याच पश्चिम आघाडीवर, त्याच्याहून कितीतरी जास्त काळ लढला, अनेकदा जखमी झाला. त्याने १९२० मध्ये छापलेल्या आठवणींत चिखल आहे, प्रेतं आहेत, आणि लढण्याची धुंदीही आहे. मला ती धुंदी रुचत नाही. पण त्याने पाहिलेलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खरं लिहिणाऱ्याने आधी चिखल लिहावा. त्यातून काय घ्यायचं ते वाचक पाहून घेईल. रेमार्कचं पुस्तक १९३३ मध्ये नाझींनी जाहीरपणे जाळलं, आणि १९४३ मध्ये त्याच्या धाकट्या बहिणीला पराभवाची भाषा केल्याच्या आरोपावरून मारलं. भाकरी, बूट आणि रजा यांच्याबद्दल लिहिणाऱ्या माणसाचा एवढा धसका राज्यकर्त्यांनी घेतला होता.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात एका निवृत्त सुभेदारांच्या ओसरीवर बसलो होतो. भिंतीवर गणवेशातला फोटो, त्याच्या काचेत खोचलेली नातवाची शाळेची पासपोर्ट छबी, खाली लोखंडी ट्रंक आणि तिच्यावर अजून वाचता येणारा पांढऱ्या रंगातला सर्व्हिस नंबर. मी त्यांना विचारलं, "आबा, बर्फातली ड्युटी कशी असते?" मला वाटलं गोळीबाराचं काही सांगतील. ते म्हणाले, "मोजं. मोजं वाळलं पायजेत बघा. गोळीचं काय, ती लागायची तवा लागती. पाय गारठलं का मानूस जाग्यावर बसतो." मग उठून त्यांनी सदरा वर केला आणि पोटाच्या कोणत्या भागाशी ओल्या मोज्यांचा जोड बांधून झोपायचं ते हाताने दाखवलं. सकाळी अंगाच्या उबेने तो वाळलेला असायचा, मग पायातला ओला जोड पोटावर जायचा. हे सांगताना त्यांचा हात बेंबीजवळ बराच वेळ तसाच राहिला होता. आतून सुनेने हाक मारली, "आबा, च्या झालाय," तेव्हा तो खाली आला.

तासभर बोललो. त्यांनी शौर्याचा एकही प्रसंग सांगितला नाही. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायला किती वेळ लागतो, ते पाणी कसं बेचव लागतं, डब्यातली भाजी खाऊन जिभेची चव कशी जाते, पत्र उशिरा आलं की ते एकदम वाचून टाकायचं की रोज थोडं थोडं वाचायचं यावर बंकरमध्ये कशी भांडणं व्हायची, हे सांगितलं. मी घरी येऊन रेमार्क पुन्हा काढला. बूट आणि मोजे यांच्यात फार अंतर नव्हतं.

मग महाराष्ट्रात अशी कादंबरी का झाली नाही? सामग्री नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. एक कुतचंच उदाहरण घ्या. तायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं कुत-अल-अमारा हे इराकमधलं छोटं गाव. जनरल टाउनशेंडची फौज १९१५ च्या डिसेंबरात तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य आटत गेलं. गावात जव सापडला पण तो दळायचा कसा, म्हणून जात्याचे दगड विमानातून खाली टाकण्यात आले. आकाशातून उतरलेलं जातं! ज्या पोराने आयुष्यभर पहाटे आईच्या जात्याच्या घरघरीने डोळे उघडले, ओव्या ऐकत पुन्हा डोळे मिटले, त्याला परक्या देशात, वेढ्यात, तोफांच्या आवाजात जात्याची घरघर पुन्हा ऐकू आली असेल, तेव्हा काय झालं असेल? मराठी कादंबरीकाराला यापेक्षा आणखी काय हवं?

पुढे घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारलं. धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या गेल्या, वरिष्ठांनी दटावलं, इकडे हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही रोग अंगात शिरत होता. ज्याच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा घोडा आहे त्या माणसाच्या तोंडाशी तो घास आला तेव्हाची रात्र कुणीतरी लिहायला हवी होती. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजारांची फौज कैदेत गेली आणि वाळवंटातल्या चालीत, छावण्यांत हजारो माणसं मेली. टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळ आरामात ठेवलं गेलं. मोती सुखरूप राहिला, खुर्दा गेला. या वेढ्यावर इंग्रजी अधिकाऱ्यांची पुस्तकं कपाटभर आहेत. मराठी पलटणींच्या बाजूने लिहिलेली मराठी कादंबरी म्हणून कुणालाही चटकन नाव घेता येत नाही.

याची कारणं मला दिसतात ती अशी. लिहिणारा पुण्या-मुंबईत होता, लढणारा मावळात, कोकणात, माणदेशात. दोघांच्या ओसऱ्या वेगळ्या, बोली वेगळी, बहुतेकदा जातही वेगळी. १९१७ मध्ये सरकारने १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. त्या पलटणीतल्या जवानाशी तेव्हाच्या कुठल्या कादंबरीकाराने बसून गप्पा मारल्या असतील? शिवाय ते युद्ध इंग्रजांचं. त्यात गेलेल्याला वीर म्हणावं तर राष्ट्रवाद आडवा येतो, भाडोत्री म्हणावं तर मन कचरतं. म्हणून गप्प बसणं सोयीचं झालं. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावं कोरली आहेत. फ्रान्समधल्या दगडाने नावं जपली, आपल्या भाषेने गोष्टी जपल्या नाहीत.

स्वातंत्र्यानंतर अडचण बदलली. आता जवान आपला झाला, आणि आपण त्याला देवघरात बसवलं. गावच्या सुपुत्राला वीरमरण, हा मथळा इतका ठरून गेला आहे की गावाचं नाव बदललं की काम भागतं. फुलांनी सजवलेला ट्रक, घोषणा, अखेरची मानवंदना. हे सगळं असायलाच हवं, त्यात मी तसूभरही कमी करा म्हणणार नाही. पण देवघरातल्या मूर्तीला उवा होत नाहीत, तिला जुलाब होत नाहीत, रात्री पहाऱ्यावर ती भीतीने रडत नाही, बायकोच्या पत्रातल्या एका ओळीवरून तिची दोन दिवस झोप उडत नाही. हे सगळं जवानाला होतं. ते लिहिलं की त्याचा अपमान होईल, अशी आपली समजूत झाली आहे. रेमार्क आणि गुलेरी वाचलेल्या कुणालाही सांगा, पॉल किंवा लहनासिंग यांच्याविषयी त्याचा आदर कमी झाला का.

आम्ही तिथे गेलोच नाही तर लिहायचं कसं, असं कुणी म्हणेल. स्टीफन क्रेनचा जन्म १८७१ चा, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्येच संपलेलं. तरी १८९५ मध्ये त्याने 'द रेड बॅज ऑफ करेज' लिहिली. तिच्यात हेन्री फ्लेमिंग हा पोर पहिल्या हल्ल्याला टिकतो, दुसऱ्याला पळतो, आणि पळाल्याची लाज त्याला रानभर फिरवते. क्रेनने तोवर रणांगण पाहिलं नव्हतं. युद्ध पाहिलेली माणसं मात्र त्याच्या भोवती भरपूर होती आणि त्यांच्या आठवणी छापून येत होत्या. गुलेरी फ्रान्सच्या खंदकात उतरले नव्हते. रेमार्क खुद्द आघाडीवर होता तो १९१७ च्या उन्हाळ्यातले काही आठवडे. ३१ जुलैला जखमी झाल्यावर पुढचा बराच काळ त्याने डुइसबुर्गच्या लष्करी इस्पितळात काढला, आणि तिथे आजूबाजूच्या खाटांवरच्या माणसांचं ऐकलं.

ऐकणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः ज्यांचं घर सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, रायगड, रत्नागिरी या बाजूला आहे त्यांना, माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या गावात, भावकीत, गल्लीत पेन्शनीत आलेला कुणी फौजी असेलच. त्याच्याजवळ जाऊन बसा. किती शत्रू मारले हे विचारू नका. काय खाल्लं, कुठे झोपलात, पाय कसे राखलेत, पहिल्यांदा भीती कधी वाटली, शेजारच्या बिस्तऱ्यावर कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे विचारा. ते बोलतील त्याच बोलीत उतरवून घ्या, शुद्ध करायला जाऊ नका. आबांसारखं कुणी हात पोटावर ठेवून गप्प झालं तर तेही लिहा.

हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. १९६२ मध्ये हिमालयात लढलेले जवान आज ऐंशी ओलांडून गेले आहेत, आणि १९७१ मध्ये विशीत होते ते पंचाहत्तरीच्या आसपास आहेत.